सुब्बाराव आणि रायबोझोमचं दार

समजा, तुम्ही नेऱ्यात राहता. एका बाजूला हिंजवडीच्या आयटी पार्कचे काचेचे मनोरे, दुसऱ्या बाजूला मुळशीची अजून तग धरून असलेली भातखाचरं. आषाढात घरचे लावणीला उतरतात. तुम्हीही दोन दिवस लेक्चर बुडवून गुडघाभर चिखलात उभे राहता. आठवड्याभरात ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. डॉक्टरांना लेप्टोची शंका येते. ते रक्त तपासायला सांगतात आणि चिठ्ठीवर एक नाव लिहितात, डॉक्सिसायक्लिन. कोकणात लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना आणि मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत घर गाठलेल्या लोकांना खबरदारी म्हणून दिली जाते ती हीच गोळी.

ही गोळी पोटात गेल्यावर जाते कुठे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ताप उतरला की विषय संपला. पण ती जिथे जाते ती जागा भलतीच इंटरेस्टिंग आहे. ती जंतूच्या पेशीत शिरते आणि रायबोझोमवर जाऊन बसते, तेही एका ठरावीक खाचेत. या गोळीच्या घराण्याचा मूळपुरुष ज्या प्रयोगशाळेत सापडला, तिथला प्रमुख होता मॅट्रिकला दोनदा आपटलेला एक आंध्र मुलगा. त्याची गोष्ट सांगायची आहे. पण आधी त्या खाचेपर्यंत जाऊन येऊ, म्हणजे त्याने काय केलं ते नीट कळेल.

बारावीच्या पुस्तकात पेशीच्या आकृतीत रायबोझोम म्हणजे नुसते ठिपके. आपण पेन्सिलीने टकटक ठिपके काढतो, बाण ओढतो, अर्धा मार्क घेतो. त्या ठिपक्यांवर हा फारच अन्याय आहे. शरीरात जे काही काम करतं, म्हणजे अन्न पचवणारी विकरं, ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन, आकुंचन पावणारे स्नायू, ते सगळं प्रथिनांचं आणि प्रत्येक प्रथिन रायबोझोमवरच तयार होतं. जंतूचा रायबोझोम साधारण २० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या लांबीत असे ५० हजार ओळीने मावतील. जोमाने वाढणाऱ्या एकाच जंतूत ते हजारोंच्या संख्येने असतात आणि दिवसरात्र राबतात.

मंडईबाहेर हार गुंफणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्यासमोर ऑर्डरची चिठ्ठी आहे: आधी झेंडू, मग शेवंती, मग दोन मोगरे, पुन्हा झेंडू. क्रम चुकला तर हार वाया. ही चिठ्ठी म्हणजे एम-आरएनए. डीएनएतल्या मूळ मजकुराची ती कामापुरती काढलेली नक्कल. फुलं म्हणजे अमिनो आम्लं, एकूण २० प्रकारची. फुलं आणून देणारी पोरं म्हणजे टी-आरएनए. प्रत्येक पोराच्या एका हातात एकच फूल असतं आणि दुसऱ्या हातावर तीन अक्षरांचा खुणेचा शब्द. हार गुंफणारा तो रायबोझोम. त्याचे दोन भाग असतात. धाकटा भाग चिठ्ठी वाचतो आणि आलेल्या पोराची खूण चिठ्ठीवरच्या तीन अक्षरांशी जुळते का ते पाहतो. थोरला भाग फूल आधीच्या माळेला जोडतो. मग चिठ्ठी तीन अक्षरं पुढे सरकते, रिकाम्या हाताचं पोर बाहेर पडतं, नवं आत येतं. जंतूंमध्ये हे एका सेकंदाला १५-२० फुलांच्या वेगाने चालतं.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, पोराच्या हातात फूल फुकट येत नाही. अमिनो आम्ल टी-आरएनएला जोडायला ऊर्जा लागते आणि ती पुरवतो एटीपी नावाचा रेणू. दुसरी, फूल घेऊन आलेलं पोर रायबोझोमवर ज्या जागी उतरतं, ती जागा ठरलेली आहे. पुस्तकात तिला ए जागा म्हणतात. आपण तिला दार म्हणू. हे दार अडवलं की माळ जिथल्या तिथे थांबते. जंतू लगेच मरत नाही, पण नवं प्रथिन बनवता येत नाही म्हणून वाढत नाही, आणि उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते. टेट्रासायक्लिन घराण्यातली औषधं एवढंच करतात, धाकट्या भागाला चिकटून दार अडवतात. आपल्या पेशींमधले रायबोझोम जंतूंच्यापेक्षा मोठे आणि घडणीने वेगळे, त्यामुळे त्यांच्यावर या औषधाची पकड फारशी बसत नाही. शिवाय जंतू हे औषध स्वतःच आत ओढून घेतात, आपल्या पेशी तसं करत नाहीत. (आपल्या तंतुकणिकांमध्ये मात्र जंतूंसारखेच रायबोझोम असतात, कारण त्यांचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जंतूच होते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता आपण माणसाकडे येऊ.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १२ जानेवारी १८९५, भीमवरम, तेव्हाचा मद्रास इलाखा. घरात भावंडं बरीच, पैसा कमी. मुलाचं अभ्यासात लक्ष नव्हतं. लहानपणी एकदा तो काशीला जायला म्हणून घरातून पळाला. वैराग्य वगैरे काही नाही, यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हायचा बेत होता. आईने माणसं पाठवून परत आणला. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात सुटली. मधल्या काळात वडील गेले आणि पुढच्या शिक्षणासाठी आईने अंगावरचे दागिने मोडले.

कॉलेजात गेल्यावर या मुलाला संन्यास घ्यायचा होता. रामकृष्ण मिशनच्या लोकांनी त्याला वैद्यकीचा रस्ता दाखवला, तिथे सेवा जास्त होईल म्हणून. मद्रास मेडिकल कॉलेजची फी मित्रांनी आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती नावाच्या गृहस्थांनी भरली. याच गृहस्थांच्या मुलीशी, शेषगिरीशी, १९१९ मध्ये त्यांचं लग्न झालं. मग आली गांधीजींची हाक. सुब्बारावांनी ऑपरेशन थिएटरात विलायती कापडाऐवजी खादीचा गाऊन घातला. सर्जरीचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना ते रुचलं नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बारावांच्या हातात एमबीबीएस नाही, तर एलएमएस ही खालच्या दर्जाची पदवी पडली. सरकारी वैद्यकीय सेवेतही जागा मिळाली नाही. शेवटी मद्रासच्या एका आयुर्वेद कॉलेजात ते शरीररचना शिकवू लागले.

याच सुमारास, काही दिवसांच्या अंतराने, त्यांचे दोन भाऊ गेले. आजार एकच, स्प्रू. आपल्याकडचे वैद्य ज्याला संग्रहणी म्हणत त्यातलाच हा प्रकार. खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, जिभेला फोड येतात, रक्त कमी होत जातं, माणूस झिजून जातो. घरात डॉक्टर असूनही काही करता आलं नाही, कारण करण्यासारखं काही तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सुब्बारावांचं पुढचं सगळं आयुष्य या एका घटनेने ठरवलं असं म्हणणं सोपं आहे. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. माणसं इतकी सरळ रेषेत जगत नाहीत. पण ही गोष्ट त्यांनी कधी विसरली असेल, हेही पटत नाही.

सासऱ्यांचे पैसे आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेची मदत एवढ्यावर ते २६ ऑक्टोबर १९२२ रोजी बोस्टनला उतरले. बायको गरोदर होती, तिला मागे ठेवून. पोटासाठी त्यांनी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीचा पोर्टर म्हणून काम धरलं. म्हणजे रुग्णांची भांडी साफ करणं आणि पडेल ते. दिवसा हार्वर्डच्या ट्रॉपिकल मेडिसिनचा डिप्लोमा. इकडे मुलगा झाला आणि वर्षाचा व्हायच्या आत गेला. बापाने त्याला पाहिलंच नाही. बायकोलाही ते पुन्हा कधी भेटले नाहीत. परतायचं राहून गेलं आणि तिला तिकडे नेता आलं नाही, कारण त्या काळच्या अमेरिकन कायद्याने भारतीयांना तिथे कायमचं वसण्याचा हक्कच नव्हता. तो १९४६ मध्ये मिळाला. तोवर खूप उशीर झाला होता.

डिप्लोमानंतर ते हार्वर्डच्या बायोकेमिस्ट्री विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली लागले. इथे बायोकेमिस्ट्रीवाले सावध होतील. प्रॅक्टिकलला रक्तातलं किंवा लघवीतलं फॉस्फरस मोजताना मॉलिब्डेट घालून निळा रंग आणता आणि कलरीमीटरवर रीडिंग घेता, आठवतंय? फिस्के-सुब्बाराव पद्धत. आपण ते नाव एका दमात असं म्हणतो, की एकाच माणसाचं वाटावं. त्यातले सुब्बाराव ते हेच. पेपर आला १९२५ मध्ये. शंभर वर्षांनंतरही ही पद्धत जर्नलला लिहिली जाते.

ही नुसती मोजायची युक्ती नव्हती. फॉस्फरस नीट मोजता यायला लागला तेव्हा स्नायूत एक असा पदार्थ दिसला, की जो आकुंचनात घटतो आणि विश्रांतीत पुन्हा भरून येतो. तो फॉस्फोक्रिएटिन, १९२७. तोवर स्नायूला ऊर्जा लॅक्टिक आम्लातून मिळते असं मानलं जायचं आणि त्या कामाला १९२२ चं नोबेलही मिळालं होतं. तो डोलारा डळमळला. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, फिस्के आणि सुब्बारावांनी स्नायूतून एटीपी वेगळा काढला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे तो काढला. एटीपी म्हणजे पेशीचं चलन हे वाक्य आपण अकरावीपासून घोकतो. ते चलन पहिल्यांदा हातात धरणाऱ्यांमध्ये, काही वर्षांपूर्वी रात्रपाळी करून पोट भरणारा हा माणूस होता.

पीएचडी मिळाली १९३० मध्ये. पण हार्वर्डने त्यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. शोधांचं श्रेय फिस्के यांच्या नावावर जास्त जमा झालं. सुब्बारावांचा स्वभावही स्वतःचं नाव पुढे करण्याचा नव्हता. पुढे १९८८ मध्ये नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज तेव्हा त्याच विभागात शिकत होते. सुब्बारावांनी वेगळे काढलेले काही पदार्थ फिस्के यांच्या मत्सरापायी उजेडात आले नाहीत आणि ते कित्येक वर्षांनी इतरांना पुन्हा शोधावे लागले, असं हिचिंग्ज यांनी नंतर सांगून ठेवलं आहे. विभागातल्या राजकारणाची ही एकच बाजू आपल्यापर्यंत आली आहे, हेही ध्यानात घ्यायला हवं. पण १९४० मध्ये सुब्बारावांनी हार्वर्ड सोडलं आणि न्यू यॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावातली लेडर्ली ही औषध कंपनी धरली एवढं नक्की. तिथे ते संशोधनाचे प्रमुख झाले. वय पंचेचाळिशीचं. आणि खरी धमाल इथून पुढे आहे.

त्यासाठी आधी मुंबईत यायला हवं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा पंडुरोग होता. लोह देऊन तो हटत नव्हता. विल्सबाईंनी या बायकांचा आहार तपासला, घरं पाहिली आणि शेवटी त्यांच्या लक्षात आलं की यीस्टपासून बनवलेलं मार्माइट दिलं की बायका सुधारतात. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी होतं. काय, ते कळत नव्हतं. ते काहीतरी म्हणजे फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या लेडर्लीतल्या गटाने ते शुद्ध रूपात वेगळं काढलं, त्याची रचना उलगडली आणि प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. हे जाहीर झालं १९४५ मध्ये. परळच्या चाळींत सुरू झालेला प्रश्न पर्ल रिव्हरला सुटला. आज तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लोहाच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड मिळतं, ते हेच.

आणि हे औषध आणखी कशावर चाललं? स्प्रूवर. टॉम स्पाइस यांनी कॅरेबियन बेटांतल्या स्प्रूच्या रुग्णांना ते दिलं आणि मरायला टेकलेली माणसं काही दिवसांत जेवू लागली. सुब्बारावांचे भाऊ गेल्याला तेव्हा वीसहून अधिक वर्षं उलटली होती.

फॉलिक ॲसिडचं शरीरातलं काम पाहिलं, तर आपण पुन्हा रायबोझोमपाशी येतो. डीएनए आणि आरएनए ज्या अक्षरांनी लिहिले जातात, त्यातली ए आणि जी ही अक्षरं घडवायला फॉलिक ॲसिड लागतं. रायबोझोम स्वतः बहुतांशी आरएनएचाच बनलेला. म्हणजे ते कमी पडलं तर हार गुंफणाराही घडत नाही आणि चिठ्ठीही लिहिली जात नाही. वेगाने वाढणाऱ्या रक्तपेशींना याचा फटका आधी बसतो, म्हणून पंडुरोग.

सुब्बारावांच्या लोकांनी मग उलटी चाल केली. फॉलिक ॲसिडसारखा दिसणारा, पण काम न करणारा तोतया रेणू बनवला तर? कॅन्सरच्या पेशी तर सगळ्यांत हावऱ्या, त्या हा तोतया गिळतील आणि अडतील. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी हा रेणू, अमिनोप्टेरिन, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला आणि १९४८ मध्ये कळवलं की काही मुलांमध्ये आजार तात्पुरता का होईना, मागे हटला. औषधाने हे तोवर घडलं नव्हतं. त्याचाच भाऊ मेथोट्रेक्सेट आजही कॅन्सरवर आणि संधिवातावर वापरतात. याच काळात लेडर्लीतून हत्तीरोगावरचं औषधही आलं, तेच डीईसी. विदर्भात किंवा कोकणात राहणाऱ्या वाचकांच्या घरी आरोग्य कर्मचारी ज्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावतात, त्या या.

एवढं सगळं चालू असताना बाजारात पेनिसिलिन आलं होतं आणि त्याच्या मर्यादाही दिसू लागल्या होत्या. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. ज्यांची भिंत वेगळ्या घडणीची, त्यांच्यावर ते चालत नाही. वॅक्समन आणि शॅट्झ यांचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं. तेही मातीतल्या जंतूपासून मिळालेलं. तेही रायबोझोमच्या धाकट्या भागावरच जातं, पण दार अडवत नाही, चिठ्ठी चुकीची वाचायला लावतं. शेवंतीच्या जागी झेंडू. या दोन्ही औषधांचं आपल्या भागाशी नातं आहे. नेऱ्याहून पिंपरी काही लांब नाही. तिथली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एचए कंपनी, १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं आणि १९६० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. पण हे सगळं सुब्बारावांच्या नंतरचं.

सुब्बारावांना हवं होतं ते एकाच वेळी अनेक तऱ्हेच्या जंतूंवर चालणारं औषध. बेंजामिन डगर नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ सत्तरी ओलांडून विद्यापीठातून निवृत्त झाले होते. लेडर्लीने त्यांना बोलावून घेतलं. या वयाचा माणूस घ्यायचा म्हणजे कुणीही कपाळाला आठ्या घातल्या असत्या. डगर यांनी ठिकठिकाणाहून मातीचे नमुने मागवले. त्यातला एक मिझुरी विद्यापीठाच्या सॅनबोर्न फील्ड या प्रयोगशेतातला होता. १८८८ पासून खत न घातलेल्या गवताच्या तुकड्यातली माती. तिच्यात सोनेरी पिवळ्या रंगाचा एक जंतू वाढत होता, स्ट्रेप्टोमायसिस ऑरिओफेशियन्स. त्याच्यापासून मिळालेल्या औषधाला सोन्यावरून नाव दिलं, ऑरिओमायसिन. माणसांवर त्याची पहिली चाचणी न्यू यॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमधले कृष्णवर्णीय सर्जन लुईस राइट यांनी केली. १९४८ च्या उन्हाळ्यात ते जगापुढे आलं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं औषध. नंतर फायझरच्या रसायनतज्ज्ञांनी याच रेणूत थोडी छाटछूट करून टेट्रासायक्लिन बनवलं, आणि १९६७ मध्ये बाजारात आलेलं डॉक्सिसायक्लिनही याच घराण्यातलं.

९ ऑगस्ट १९४८ च्या सकाळी सुब्बाराव आपल्या बिछान्यात मृतावस्थेत सापडले. झोपेतच हृदय थांबलं होतं. वय ५३. ऑरिओमायसिन जगापुढे येऊन काही आठवडेच झाले होते.

आता गंमत पाहा. त्यांच्या मृत्यूच्या वेळी रायबोझोम हा शब्दही नव्हता. जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते ठिपके नीट दाखवले १९५५ मध्ये. नाव पडलं १९५८ मध्ये. टी-आरएनएचा शोध मधल्या काळातला. औषध रायबोझोमवर बसतं हे त्यानंतर कळलं, आणि नेमक्या कुठल्या खाचेत बसतं याचं अणू-अणू दिसणारं चित्र मिळालं २००० च्या सुमारास. ते काढणाऱ्यांमध्ये चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. रायबोझोमच्या रचनेसाठी त्यांना टॉमस स्टाइट्झ आणि ॲडा योनाथ यांच्याबरोबर २००९ चं नोबेल मिळालं. त्या चित्रात जे दिसतं ते असं: एटीपीच्या जोरावर अमिनो आम्ल हातात धरलेला टी-आरएनए दाराशी येतो आणि टेट्रासायक्लिन ते दार अडवून बसलेलं असतं. सुब्बारावांचं पहिलं मोठं काम एटीपी, शेवटचं ऑरिओमायसिन. मधलं फॉलिक ॲसिड तर रायबोझोमच्या घडणीतच. तिन्ही एका दारात येऊन भेटतात आणि हे त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता.

या दाराचं मोल महाराष्ट्राने दोनदा पाहिलं आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. भीमवरमचा तो मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि प्लेगवर जगात कुठेच औषध नव्हतं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली. घरी आईबाबांना विचारा, त्यांना तोंडाला रुमाल बांधलेले लोक आणि मेडिकलच्या दुकानांसमोरच्या रांगा आठवतील. लोक मागत होते टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल.

जंतूही काही हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. यात लेडर्लीचाही थोडा हात आहे. ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा कोंबड्यांना घातला तर त्या भराभर वाढतात, असं तिथल्याच संशोधकांना १९४० च्या दशकाच्या शेवटी दिसलं. मग जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात हे औषध चमच्याचमच्याने पडू लागलं. थोड्या मात्रेत, रोज, वर्षानुवर्षं. जंतूंना सराव करायला याहून चांगली शाळा नव्हती. काही जंतू आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायला शिकले. काहींनी आणखी शक्कल लढवली. ते एक खास प्रथिन बनवतात, ते रायबोझोमपाशी जातं आणि दारात बसलेलं टेट्रासायक्लिन उपटून काढतं. हे प्रथिनही अर्थात रायबोझोमवरच बनतं. अर्धा कोर्स करून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवणं, रूममेटला सर्दीसाठी देणं, हे हॉस्टेलवर आपण सर्रास करतो. तेव्हा त्याच शाळेत आपणही जंतूंच्या शिकवण्या घेत असतो.

सुब्बारावांच्या नावाने एका बुरशीची प्रजाती आहे, सुब्बारोमायसिस स्प्लेन्डेन्स. भारत सरकारने १९९५ मध्ये टपाल तिकीट काढलं. पर्ल रिव्हरची ती प्रयोगशाळा मालक बदलत पुढे वाएथ कंपनीकडे गेली. तिथल्या लोकांनी टेट्रासायक्लिनच्या रेणूला एक लांब शेपूट जोडलं, म्हणजे तो त्याच दारात अधिक घट्ट रुतून बसेल आणि उपटणाऱ्या प्रथिनाला सहज निघणार नाही. त्याचं नाव टायजेसायक्लिन. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००५ मध्ये. आयसीयूत, बाकीची औषधं थकली की डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, त्यातलं हे एक.